लॉरी बेकर

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर ऊर्फ लॉरी बेकर (जन्म: २ मार्च १९१७, बर्मिंगहॅम, इंग्लंड; मृत्यू: १ एप्रिल २००७, तिरुवनंतपुरम, केरळ) हे ब्रिटिश वंशाचे भारतीय वास्तुविशारद होते. स्थानिक साहित्यातून, कमी खर्चात बांधलेली आणि फारसे इंधन न जाळता उन्हाळा-हिवाळा निभावून नेणारी घरे ही त्यांची ओळख आहे. त्यांची बहुतेक बांधकामे केरळात आहेत. तथापि हिमालयातील पिथोरागढ येथे काढलेली सोळा वर्षे आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्याशी आलेला संबंध हे दोन टप्पे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या कामामागचा विचार पुरता उलगडत नाही. पहिल्या ठिकाणी प्रश्न थंडीचा होता. दुसऱ्या ठिकाणी, ज्या जाड भिंतींनी शेकडो वर्षे घरे सुखाची ठेवली त्याच भिंतींनी एका रात्रीत हजारो माणसे मारली होती.

सुरुवातीचे जीवन

बेकर यांचा जन्म बर्मिंगहॅममधील एका मेथडिस्ट ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील हिशेबनीस होते. तरुण वयात बेकर यांचा ओढा क्वेकर पंथाकडे वळला. साधी राहणी, मौन प्रार्थना आणि कोणत्याही युद्धात शस्त्र न उचलणे ही या पंथाची वैशिष्ट्ये आहेत आणि तिन्ही गोष्टी बेकर यांच्या स्वभावात शेवटपर्यंत टिकल्या. बर्मिंगहॅम येथेच वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते १९३७ मध्ये पदवीधर झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात नाव नोंदवले. या पथकाबरोबर ते चीनमध्ये गेले. तेथे जखमींची आणि पुढे कुष्ठरुग्णांची सेवा करण्यात त्यांची युद्धकाळातील वर्षे गेली. वास्तुविशारद म्हणून घेतलेले शिक्षण या काळात जवळजवळ बाजूलाच पडले होते. मात्र हाताशी असेल त्यातून काम चालवण्याची सवय त्यांना येथेच लागली.

मुंबईतील मुक्काम आणि गांधीजींची भेट

युद्धाच्या उत्तरार्धात, प्रकृती खालावल्यामुळे त्यांना इंग्लंडला परत पाठवण्यात आले. परतीच्या वाटेवर मुंबईत बोटीची वाट पाहत त्यांना काही महिने थांबावे लागले. या मुक्कामात एका क्वेकर स्नेह्याच्या ओळखीने ते महात्मा गांधींच्या सहवासात आले. बेकर यांच्या पायात टाकाऊ कापडाचे, हाताने शिवलेले बूट होते. गांधीजींचे लक्ष प्रथम त्या बुटांकडे गेले आणि तेथून संभाषण सुरू झाले, अशी आठवण बेकर पुढे सांगत असत.

खेड्यातील आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातूनच उभे राहावे, हे गांधीजींचे मत त्यांनी याच काळात ऐकले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या तरुण वास्तुविशारदाला ते प्रथम अव्यवहार्य वाटले असणे स्वाभाविक आहे. पण पुढील आयुष्यात बेकर यांनी हा विचार अभियांत्रिकीच्या नियमासारखा वापरला. पाच मैलांची अट पाळली की वाहतुकीचे इंधन वाचते, भट्टीत भाजलेले साहित्य कमी लागते आणि गावातील गवंडी-सुतारांच्या हाताला काम मिळते. आज ज्याला इमारतीच्या साहित्यात साठलेली ऊर्जा म्हणतात, तिचा हिशेब या एका अटीत आपोआप येतो.

१९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात परतले. कुष्ठरोगावर नवी औषधे उपलब्ध होऊ लागली होती. त्यामुळे रुग्णांना जगापासून तोडून ठेवणाऱ्या जुन्या आश्रमांचे रूपांतर रुग्णालयांत करणे गरजेचे झाले होते. हे काम त्यांच्याकडे आले. देशभर फिरताना त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला शिकवलेले ज्ञान येथे अपुरे आहे. लॅटराइट, माती, शेण, बांबू, चुना, काळवंडलेला दगड यांचे गुणधर्म इंग्लंडमधील पाठ्यपुस्तकांत नव्हते. ते गावातल्या गवंड्याला मात्र ठाऊक होते.

पिथोरागढ

१९४८ मध्ये बेकर यांनी डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला. त्या केरळमधील सीरियन ख्रिस्ती कुटुंबातील होत्या आणि वैद्यकीय व्यवसायात होत्या. विवाहानंतर दोघे कुमाऊँमधील पिथोरागढ येथे गेले. फिरायला आलेल्या जोडप्यातील पत्नी डॉक्टर आहे हे कळताच आसपासच्या गावांतून रुग्ण येऊ लागले. त्या भागात दुसरी वैद्यकीय सोय जवळपास नव्हती. सहलीचा मुक्काम सोळा वर्षे लांबला. एलिझाबेथ रुग्ण पाहत, लॉरी रुग्णालय आणि शाळा बांधत आणि गरज पडली की शस्त्रक्रियेच्या वेळी मदतीलाही उभे राहत.

पिथोरागढ सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातील रात्री तेथे पारा शून्याच्या आसपास उतरतो. अशा ठिकाणी घर उबदार ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे लाकूड जाळणे. पण त्यासाठी जंगल तुटते आणि सरपण डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बायकांचा दिवस त्यातच संपतो. कुमाऊँमधील जुन्या घरांनी या प्रश्नाची उत्तरे फार पूर्वी शोधलेली होती. घर डोंगराच्या उतारावर, सूर्याकडे तोंड करून बांधलेले असे. दुपारचे तिरके ऊन दर्शनी भिंतीवर आणि अंगणात पडे. डोंगराकडील बाजू जमिनीत टेकलेली असल्याने तिकडून वारा लागत नसे. भिंती जाड दगडाच्या, मातीत रचलेल्या आणि आतून मातीनेच लिंपलेल्या असत. खिडक्या लहान, छत पाटीच्या दगडाचे, खोल्या बुटक्या. तळमजल्यावर गुरे बांधत. त्या मजल्याला तेथेही गोठच म्हणतात. गुरांच्या अंगाची ऊब लाकडी तक्तपोशीतून वरच्या मजल्यावरील माणसांपर्यंत पोचे. चूल एकच असे आणि ती घराच्या मध्याजवळ असे.

बेकर यांनी या घरांकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले नाही. येथे त्यांची खरी शाळा भरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब सावकाश आत सोडते. बुटक्या खोलीत तापवावी लागणारी हवा कमी असते. चौरसाच्या जवळ जाणाऱ्या आकारात भिंतींचे एकूण क्षेत्रफळ कमी भरते, म्हणून उष्णता निसटण्याच्या वाटाही कमी होतात. यातली एकही गोष्ट विकत आणावी लागत नाही. स्वतःचे घर, रुग्णालय आणि शाळा बांधताना त्यांनी स्थानिक गवंड्यांचीच पद्धत स्वीकारली. तिच्यात प्रकाश, स्वच्छता आणि धुराचा निचरा यांपुरत्याच सुधारणा केल्या.

केरळमधील काम

१९६३ मध्ये हे कुटुंब केरळात आले. काही वर्षे वागमोन या डोंगराळ भागात काढल्यावर ते तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. येथे हवामान अगदी उलट होते: वर्षभर उकाडा, दमट हवा आणि मुसळधार पाऊस. बेकर यांनी पिथोरागढचे घर येथे आणले नाही. त्यांनी केरळच्या जुन्या घरांचा अभ्यास नव्याने केला.

मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विकास अध्ययन केंद्राचा परिसर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती आहे. उतारावरील झाडे न तोडता, त्यांना वळसा घालून भिंती नेल्या आहेत. विटांच्या जाळ्यांतून वारा आणि मंद प्रकाश आत येतो. याच परिसरातील संगणक केंद्राला त्यांनी दुहेरी भिंत दिली. बाहेरची वर्तुळाकार जाळीदार भिंत ऊन झेलते आणि आतील भिंत सावलीत राहते. लोयोला प्रार्थनागृह, इंडियन कॉफी हाऊसची सर्पिल इमारत, पूंथुरा येथील मच्छीमारांची वसाहत आणि शेकडो खासगी घरे ही त्यांची इतर कामे. मच्छीमारांच्या वसाहतीत त्यांनी घरे एका ओळीत न मांडता तिरकी, एकमेकांच्या मागे-पुढे ठेवली. त्यामुळे प्रत्येक घराला समुद्राचा वारा मिळाला.

दोन बांधकाम पद्धती त्यांच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. दोन्ही मूळ त्यांच्या नव्हेत. भारतात त्या रुजवण्याचे श्रेय मात्र त्यांच्याकडे जाते. पहिली रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यासारखी पोकळ भिंत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा आडव्या रचतात. या पद्धतीत त्या कडेवर उभ्या ठेवतात आणि दोन ओळींमध्ये पोकळी सोडतात. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, सिमेंटही वाचते आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. दुसरी फिलर स्लॅब. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये खालच्या भागावर ताण येतो आणि तो सळया पेलतात. तेथील काँक्रीट बरेचसे केवळ वजन वाढवते. त्या जागी जुनी मंगलोरी कौले बसवली, की काँक्रीट वाचते, स्लॅब हलकी होते आणि दोन कौलांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे छत कमी तापते.

बेकर यांचे असे मोठे कार्यालय नव्हते. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर ते आराखडे काढत आणि बांधकामावर रोज स्वतः जात. जुन्या वाड्यांची दारे, फुटक्या बांगड्या, रंगीत बाटल्या, मोडक्या फरशा असे काय काय त्यांच्या भिंतींत जाऊन बसले आहे. १९८५ मध्ये अच्युत मेनन, राज आणि इतरांसह त्यांनी कॉस्टफोर्ड या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. गरिबांसाठीच्या घरबांधणीत या संस्थेने त्यांच्या पद्धती पुढे चालवल्या.

ऊर्जेचा हिशेब

घर आणि ऊर्जा यांचा विचार आज बहुधा यंत्रांपासून सुरू होतो. थंड देशांत त्यातले प्रमुख यंत्र म्हणजे उष्णता पंप. त्याचे कार्य घरातील फ्रिजसारखेच चालते. फ्रिज आतील उष्णता उचलून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता पंप बाहेरच्या थंड हवेतील किंवा जमिनीतील उष्णता उचलून घरात आणतो. वीज केवळ उचलण्याच्या कामी लागत असल्याने एक युनिट विजेवर सुमारे तीन युनिट उष्णता मिळू शकते. बाहेरची आणि आतली तापमाने जितकी दूर, तितका हा लाभ घटतो. त्याच्या जोडीला छतावर सौर पॅनेल बसवले, की वर्षभराच्या हिशेबात विजेचा बराच भाग सूर्याकडून मिळतो.

बेकर यांच्या कामाची ओळख या यंत्रांशी जोडलेली नाही. त्यांच्या हयातीत भारतीय घरांत ती नव्हतीच म्हटले तरी चालेल. पण यंत्र किती मोठे घ्यायचे, हे यंत्राआधी भिंतच ठरवते आणि बेकर यांचे सारे काम या आधीच्या पायरीवर चालले. एक साधे उदाहरण घेता येईल. थंड गावातील एका खोलीच्या बाहेरील भिंती आणि छत मिळून २० चौरस मीटर आहेत, बाहेर ३ अंश आणि आत १८ अंश सेल्सिअस तापमान हवे आहे. दर चौरस मीटरमागे आणि दर अंशाच्या फरकामागे २ वॅट उष्णता निसटत असेल, तर एकूण ६०० वॅट उष्णता सतत भरून काढावी लागते. भिंत सुधारून तो दर २ वरून १ वर आणला, तर ३०० वॅट पुरतात. तिप्पट लाभ देणाऱ्या उष्णता पंपाला पहिल्या स्थितीत दहा तासांच्या रात्रीत २ युनिट वीज लागेल, दुसऱ्या स्थितीत १. पंप, पॅनेल आणि बॅटरी या तिन्हींचा आकार आणि किंमत त्याच प्रमाणात खाली येते. उलट, पातळ पत्र्याच्या घरावर कितीही पॅनेल चढवले तरी त्यातली बरीच वीज पत्र्यातून निसटणाऱ्या उष्णतेमागे धावण्यात जाते.

पॅनेलची आणखी एक अडचण वेळेची आहे. ते सर्वांत जास्त वीज दुपारी देते आणि ऊब हवी असते पहाटे. जाड मातीची किंवा दगडाची भिंत येथे बॅटरीचे काम करते. दुपारची उष्णता बाहेरच्या पृष्ठभागापासून आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचायला दोन फूट जाडीच्या भिंतीत बारा तासांहून अधिक वेळ लागतो. अर्थात जाड भिंत म्हणजे उष्णतारोधक भिंत असे नाही. घट्ट दगडातून उष्णता सहज वाहते, विटेतून कमी, मातीतून साधारण विटेइतकी आणि कोंडलेल्या स्थिर हवेतून सर्वांत कमी. दगड उष्णता साठवतो, कोंडलेली हवा तिला अडवते. हवामान पाहून यांतले काय, किती आणि भिंतीच्या कोणत्या बाजूला वापरायचे, हे ठरवणे हेच मुख्य कौशल्य आहे. पिथोरागढच्या जाड भिंती आणि तिरुवनंतपुरमच्या पोकळ भिंती एकाच माणसाने बांधल्या, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

साहित्यातील ऊर्जेकडेही बेकर यांचे सतत लक्ष असे. सिमेंटसाठी भट्टी सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, पोलादासाठी त्याहून अधिक. विटेला हजार अंशांच्या आसपासचे तापमान पुरते आणि मातीच्या कच्च्या विटेला केवळ ऊन. घर बांधतानाच इतके इंधन खर्च झाले, तर पुढे वीजबिलात झालेली बचत ते फेडण्यात कित्येक वर्षे जाते. गिलावा टाळणे, चौकटीशिवाय दारे-खिडक्या बसवणे, सिमेंटच्या जागी चुना वापरणे या त्यांच्या सवयी काटकसरीच्या म्हणून सांगितल्या जातात. त्यांतली प्रत्येक सवय इंधनाचीही बचत करते.

किल्लारी भूकंप आणि मराठवाडा

मराठवाड्यातील जुने घर उष्णतेच्या दृष्टीने कुमाऊँच्या घराचे भावंड शोभते. बालाघाटच्या डोंगररांगांतील मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर या भागांपासून पुढे निलंगा, औसा, उमरग्यापर्यंत दगडी भिंतींची माळवदाची घरे गावोगाव होती आणि काही ठिकाणी आजही आहेत. काळ्या दगडाच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आत लाकडी खांबांचे खण, खांबांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्यांची रचना. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, मे महिन्यात दुपारी ते ४० च्या वर जाते. माळवदाच्या घरात या दोन्ही टोकांची धार बोथट होते. हिवाळ्यात पहाटे घरात ऊब असते, उन्हाळ्यात दुपारी गारवा असतो. पंखा येण्यापूर्वीच्या पिढ्या याच घरांत सुखाने नांदल्या.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेकांचा जीव स्वतःच्याच घराखाली गेला.

दोष भिंतीच्या आतल्या रचनेत होता. बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत प्रत्यक्षात दोन वेगळ्या दगडी पडद्यांची असे आणि त्यांच्या मधल्या जागेत दगडाचे तुकडे व माती भरलेली असे. दोन्ही पडद्यांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेले नव्हते. धक्का बसताच पडदे फुगून एकमेकांपासून सुटले. दुसरे कारण छताचे. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी पांढरी माती टाकण्याची रीत होती. जुनी काढून टाकण्याची रीत तितकी पाळली जात नसे. वर्षानुवर्षे थर चढत गेले आणि छताचे वजन अनेक टनांवर पोचले. लाकडी खांब कित्येक ठिकाणी उभे राहिले, पण भिंती माणसांवर कोसळल्या. थोडक्यात, जो वस्तुमानाचा साठा उष्णतेचा मित्र होता, तोच भूकंपात वैरी ठरला.

यानंतर लोकांनी दगडाचा धसका घेतला. भूकंपाचे केंद्र लांब असलेल्या गावांतही माणसे महिनोन्‌महिने अंगणात आणि पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. नवे घर हवे ते सिमेंटचे, पातळ भिंतींचे, सपाट स्लॅबचे, ही मागणी भीतीतून आलेली आणि म्हणून पूर्णपणे समजण्याजोगी होती. सर्वाधिक हानी झालेल्या गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. रुंद रस्ते आणि सरळ ओळींतील घरे असे त्यांचे नकाशे शहरी वसाहतींसारखे होते. गल्ल्या, वाडे आणि भावकीची सलग घरे यांवर उभा असलेला जुना गाव त्यात हरवला, अशी टीका पुढे अनेक अभ्यासकांनी केली.

बेकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राच्या पुढाकाराने लातूर जिल्ह्यातील बाणेगावची पुनर्बांधणी झाली आणि तिला बेकर यांचे मार्गदर्शन लाभले. भूकंपासंबंधी त्यांनी सामान्य कुटुंबाला आणि गवंड्याला कळेल अशी रेखाचित्रांची एक पुस्तिकाही तयार केली. जुन्या साहित्याला सरसकट दोषी ठरवणे त्यांच्या विचारात बसणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी माती आणि दगड या साहित्याची बाजू मांडली होती, पण ते कसे रचावे याची अट घालूनच.

ही अट पाळण्याचे मार्ग अभियंत्यांना ठाऊक आहेत आणि ते फारसे महागही नाहीत. ठरावीक अंतराने भिंतीत आरपार दगड घालावा किंवा जुन्या भिंतीत भोक पाडून तेथे सळईसह काँक्रीट भरावे. दारांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना कवेत घेणारी काँक्रीटची पट्टी फिरवावी. दारे-खिडक्या कोपऱ्यांपासून दूर ठेवाव्यात. माळवदावरील जुनी माती काढून थर पातळ करावा. भूकंपानंतरच्या शासकीय कार्यक्रमात जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी असेच उपाय सांगितले गेले. पण ज्यांनी आपल्या माणसांना दगडांखालून बाहेर काढले होते त्यांना पुन्हा दगडी भिंतीजवळ झोपा म्हणणे सोपे नव्हते. नव्या घरांची सुरक्षितता लोकांना लगेच पटली. त्यांचा उन्हाळा मात्र नंतर जाणवला. चार-पाच इंचांची उघडी स्लॅब दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्री नेमकी झोपणाऱ्यांवर सोडते.

मराठवाड्यात बेकर यांच्या केरळी पद्धती जशाच्या तशा उचलता येत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. येथील काळ्या मातीची वीट चांगली होत नाही. तीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा खर्च वाढतो. पोकळ विटेची भिंत भूकंपप्रवण भागात बांधायची तर कोपऱ्यांतील पोकळ्यांमध्ये उभ्या सळया घालून त्या काँक्रीटने भराव्या लागतात. पाच मैलांचा नियम येथे लावला तर हाती पुन्हा काळा दगड आणि पांढरी मातीच येते.

टीका

बेकर यांच्या पद्धतींना मिळालेला मान आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रसार यांत मोठे अंतर आहे. गिलावा नसलेली वीट पाहून घर अर्धवट राहिले असे अनेकांना वाटते. सरकारी योजनेतील लाभार्थ्याला तर ती हमखास गरिबीची खूण वाटते. पोकळ भिंत रचायला गवंडी शिकलेला आणि वीट एकसारख्या मापाची लागते. ठेकेदाराला साहित्य वाचवण्यात रस नसतो, कारण त्याचा मोबदला बहुधा कामाच्या एकूण रकमेवर ठरतो. बेकर स्वतः रोज बांधकामावर उभे राहत. त्यांच्या देखरेखीशिवाय झालेल्या काही कामांत ओल आणि गळतीच्या तक्रारी आल्या. केरळात वीटमातीसाठी भातखाचरे खणली जाऊ लागल्यावर, विटेवर इतका भर देणे योग्य आहे का, हा प्रश्नही उपस्थित झाला. शेवटचा आक्षेप त्यांच्याच तत्त्वातून निघालेला असल्यामुळे अधिक वजनदार आहे.

सन्मान आणि अखेरचा काळ

१९८३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई हा किताब दिला. भारताचे नागरिकत्व मिळवण्यासाठी त्यांना बरीच वर्षे वाट पाहावी लागली. ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिळाले आणि १९९० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुविशारद संघाचा सर रॉबर्ट मॅथ्यू पुरस्कार त्यांना मिळाला. गौतम भाटिया यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. घरबांधणीचा खर्च कमी कसा करावा, मातीची घरे, ग्रामीण घरांचे आराखडे अशा विषयांवरील त्यांच्या हस्तलिखित, सचित्र पुस्तिका वास्तुकलेचे विद्यार्थी आजही वापरतात. २०१७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या नातवाने त्यांच्यावर माहितीपट काढला.

तिरुवनंतपुरमच्या नालंचिरा भागातील एका खडकाळ उतारावर त्यांचे स्वतःचे घर आहे. हॅम्लेट हे त्याचे नाव. एका लाकडी खोलीपासून सुरू झालेले हे घर जसजसे जुने साहित्य मिळत गेले तसतसे चढावर वाढत गेले. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, याच घरात त्यांचे निधन झाले. डॉ. एलिझाबेथ बेकर यांनी त्यांच्या मागे काही वर्षे तेथेच वास्तव्य केले. तिरुवनंतपुरमजवळ विलप्पिलसाला येथे त्यांच्या नावाने निवारा अभ्यास केंद्र सुरू झाले असून तेथे विद्यार्थ्यांबरोबर गवंड्यांनाही पोकळ भिंत आणि फिलर स्लॅब यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले जाते.